चोविसावी चौकट

"कासार काय पितळ खात्यात का?" सरूआक्कांनी मला विचारलं.

मी वहीत लिहिता लिहिता थांबले. आक्का अंगणात पाय पसरून सूप विणत होत्या. विचारताना त्यांनी मान वरही केली नाही. शेजारी त्यांची सून मंदा बांबूच्या कामट्या सोलत होती. तिनं हसू लपवायला तोंड भिंतीकडे फिरवलं.

"नाही," मी म्हणाले.

"मग आमी बांबू का खाऊ?"

प्रश्न मुळात माझा नव्हताच. तो डॉ. खांडेपारकर सरांचा होता, आणि त्यासाठी मी पुण्याहून एस.टी.नं कराडच्या बुरूड गल्लीत आले होते.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि पुण्यातल्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होते, तेही तात्पुरत्या नेमणुकीवर. कायमची जागा त्या वर्षी निघणार होती आणि निवड समितीत सर होते. सर माझे मार्गदर्शकही होते. माणूस विद्वान, पण चौकटींचा फार भोक्ता. त्यांच्या खोलीत भिंतभर एक तक्ता टांगलेला असे. त्यावर चोवीस चौकटी. प्रत्येक चौकटीत एक समाज आणि त्या समाजाचा एक 'वैशिष्ट्यपूर्ण पदार्थ'. माणसाचा व्यवसाय त्याच्या ताटात उतरतो, असा सरांचा सिद्धान्त होता. पंधरा दिवसांनी भरणाऱ्या परिषदेत तक्ता मांडायचा होता. शिवाय बाहेर मैदानात मांडव घालून त्या त्या समाजातल्या बायकांकडून ते चोवीस पदार्थ रांधून घ्यायचे होते.

तेवीस चौकटी भरल्या होत्या. चोविसावी बुरुडांची, ती रिकामी होती.

"कर्णिक," सर मला म्हणाले होते, "पदार्थ नाही असा समाज नसतो. संशोधक कमी पडतो." मग थोडं थांबून त्यांनी सुचवलं, की बुरूड म्हणजे बांबू, तेव्हा कोवळ्या कोंबाची भाजी नक्की असणार. मी फक्त जाऊन खात्री करायची होती.

खात्री अशी झाली, की त्या घरात कुणी बांबूचा कोंब शिजवलेला पाहिलाच नव्हता. आक्कांचे यजमान दत्तोबा कानानं अधू होते. त्यांना मी तीनदा मोठ्यानं विचारलं, तेव्हा त्यांनी मला एक चांगला सहा हाती बांबू आणून दाखवला आणि भाव सांगितला.

आक्का साठीच्या होत्या. बारीक अंगाच्या, बोटांवर कामट्यांचे जुने व्रण. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ठेवून घेतलं. लॉजवर उतरते म्हटलं तर त्यांना राग आला. बाईमाणसानं लॉजवर कशाला राहायचं, असं म्हणून त्यांनी माझी पिशवी स्वतःच आत नेऊन ठेवली. माझी वही, माझे छापील तक्ते आणि माझा टेपरेकॉर्डर मात्र त्यांनी ओट्यावरच राहू दिले.

दोन दिवस मी त्या घरात जेवले आणि जेवलेलं सगळं लिहून काढलं. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, भरलं वांगं. दुसऱ्या दिवशी भाकरी, पिठलं, मिरचीचा खर्डा. सणाला काय करता, तर पुरणपोळी. लग्नात काय, तर पंगतीत सगळे करतात तेच. बाळंतिणीला काय, तर डिंकाचे लाडू. आजाऱ्याला काय, तर भाताची पेज. हे सगळं सरांच्या तक्त्यावर आधीच कुणा ना कुणाच्या नावावर चढलेलं होतं. पिठलं तर दोघांच्या नावावर होतं आणि त्यावरून सरांचं आणि सोलापूरच्या एका प्राध्यापकांचं बोलणं बंद झालं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी मी पोस्टात जाऊन सरांना फोन लावला. वेगळं असं काही सापडत नाही, असं मी सांगितलं. सर म्हणाले, की चौकट रिकामी राहिली तर तेवीसही संशयास्पद ठरतील, आणि मी आणखी एक दिवस राहावं. पुढे त्यांनी सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की सोळा ते एकोणीस या चौकटी भरणारे केळुसकर फार मेहनती आहेत आणि त्यांचाही अर्ज आला आहे.

मी परत आले तेव्हा माझा चेहरा बघण्यासारखा असावा. मंदानं न विचारता चहा टाकला. आक्कांनी सूप बाजूला ठेवलं आणि काय झालं म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. नोकरीचं सांगितलं, केळुसकरांचं सांगितलं, तक्त्याचं सांगितलं. आक्कांना तक्ता नीट समजून घ्यायचा होता. कुणाकुणाच्या चौकटीत काय काय आहे, ते त्यांनी एकेक करून विचारलं. कोळ्यांचं काय, साळ्यांचं काय, लिंगायतांचं काय. मी आठवेल तसं सांगत गेले.

"आणि तुमचं?" आक्कांनी विचारलं.

"आम्ही कायस्थ प्रभू. आमच्या चौकटीत वालाचं बिरडं आहे."

"रोज करता?"

का कोण जाणे, जे सरांनाही कधी सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. वाल भिजत घाला, मोड आणा, एकेक दाणा सोला, याचा माझ्या आईला मनस्वी कंटाळा. आमच्याकडे बिरडं वर्षातून एकदा व्हायचं, पाहुण्यांसमोर, तेही मावशीनं सोलून पाठवलेल्या वालांचं. एरवी आम्ही अंड्याचं ऑम्लेट आणि पाव खाऊन वाढलो. पण सरांनी मला न विचारताच बिरडं लिहून टाकलं होतं आणि मीही काही बोलले नव्हते. खुद्द सरांच्या चौकटीत तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं होतं, आणि तिसऱ्या खाल्ल्या की सरांच्या अंगावर पित्त उठायचं.

हे ऐकून आक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मंदा पाणी घेऊन धावली. दत्तोबांना काही ऐकू आलं नव्हतं, पण तेही हसू लागले.

हसणं ओसरल्यावर आक्का बराच वेळ सुपाच्या काठावरून बोट फिरवत बसल्या. मग त्यांनी विचारलं, "आमचीच जागा मोकळी ऱ्हाईल म्हंता?"

"हो."

"तेवीस जण जेवत्यात आणि बुरूड नुसता बघत बसलाय, असं?"

"तसंच काहीसं."

"सकाळी बघू," म्हणून त्या उठल्या.

सकाळी त्यांनी मंदाला मेथीची जुडी आणायला पाठवलं. ज्वारीचं पीठ परातीत घेतलं. त्यात चिरलेली मेथी, कांदा, ठेचलेली मिरची, लसूण आणि मीठ घातलं. कढत पाण्यानं पीठ मळलं आणि लिंबाएवढे उंडे वळून प्रत्येकाला अंगठ्यानं खळगा पाडला. मग एक नवी कोरी, लहानशी करंडी धुऊन घेतली, तिच्यात तळाला हळदीची पानं घातली, त्यावर उंडे रचले आणि ती करंडी उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवून वर ताट झाकलं. मी घड्याळ बघत होते. आक्का घड्याळाकडे, डब्याकडे, मापाकडे कशाकडेच बघत नव्हत्या. खोटं इतकं सराईतपणे रांधता येतं, याचं मला नवल वाटलं.

मंदानं हा पदार्थ पहिल्यांदाच पाहिला, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पण सासूसमोर ती काही बोलली नाही. उंडे तयार झाल्यावर तेलाची धार सोडून आम्ही सगळ्यांनी खाल्ले. चांगले लागले. बांबूचा एक ओलसर वास त्यात उतरला होता.

"नाव काय लिहू?" मी विचारलं.

आक्कांनी परातीकडे पाहिलं, मग करंडीकडे. "करंडउंडं लिवा," त्या म्हणाल्या.

कधी करतात, हाही रकाना होता. आक्कांनी जरा विचार करून सांगितलं, की पोरीनं पहिलं सूप विणलं की करतात. मी तसंच लिहिलं. लिहिताना माझा हात कापला असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तो कापला नाही. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं.

सर आनंदानं वेडे व्हायचे राहिले होते. व्यवसायाचं साधन तेच पाकसाधन! त्यांनी त्याच दिवशी निबंधात चार पानं वाढवली आणि परिषदेत करंडउंड्याचा मांडव अगदी दाराशी, पहिला, असं ठरवून टाकलं.

परिषदेला आक्का आणि मंदा दोघीही आल्या. आक्कांनी हिरवं इरकल नेसलं होतं. येताना त्यांनी तीस करंड्या विणून आणल्या होत्या. मैदानात चोवीस मांडव होते आणि प्रत्येकावर पाटी. उद्घाटनाच्या भाषणानंतर सगळी विद्वान मंडळी थाळ्या घेऊन बाहेर पडली. पहिल्या मांडवात गर्दी झाली. आक्का न डगमगता उत्तरं देत होत्या. एका बाईंनी विचारलं, की करंडीचे पदर किती असावेत असा काही संकेत आहे का. आक्कांनी सांगितलं, सात. त्या बाईंनी 'सात' लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते.

तेवढ्यात सर एका वयस्क गृहस्थांना घेऊन आले. धोतर, काळी टोपी, जाड भिंगांचा चष्मा. हे होनमाने गुरुजी, सांगोल्याचे, निवृत्त शिक्षक आणि बुरूड समाजाच्या मंडळाचे जुने कार्यवाह, अशी सरांनी ओळख करून दिली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सर म्हणाले, की आता समाजातल्याच जाणत्या माणसाकडून आपण या पदार्थाची शहानिशा करून घेऊ.

गुरुजी एका शब्दात सांगणार होते, की असलं काही आमच्यात नसतं. मग आक्कांची पुण्याच्या भर सभेत फजिती होणार होती. माझी नोकरी जाणार होती ती वेगळीच, पण त्या क्षणी मला खरोखर आक्कांचं वाईट वाटलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पदर सारखा केला, पानांच्या द्रोणात तीन उंडे घातले आणि द्रोण गुरुजींच्या हातात दिला. त्यांच्या तोंडावरचं हसू मात्र गेलं होतं.

गुरुजींनी एक उंडा खाल्ला. दुसरा खाल्ला. सर पेन उघडून उभे होते.

"माहेर कुठलं तुमचं?" गुरुजींनी आक्कांना विचारलं.

"आटपाडीकडचं."

"हं," गुरुजी म्हणाले. तिसरा उंडा त्यांनी हातात धरून ठेवला. मग हळूच म्हणाले, "आमच्यात लसूण नसायचा."

आक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. "आमच्यातबी नसायचा, गुरुजी. आता हाय म्हणून घातला."

गुरुजींनी मान हलवली. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला आणि तिसरा उंडा खाल्ला.

"लसूणविरहित उपप्रकार," सर माझ्या कानाशी पुटपुटले. "सांगोला भाग. लिहून घ्या, कर्णिक."

मी लिहून घेतलं. माझं डोकं चालत नव्हतं. गुरुजींनी आम्हाला सांभाळून घेतलं असावं, असं मला वाटलं. आपल्या समाजातल्या बाईची चारचौघांत शोभा नको म्हणून भला माणूस खोटं बोलला. दिवसभर मी त्याच समजुतीत होते.

संध्याकाळी पाचच्या गाडीनं आक्का आणि मंदा परत निघाल्या. मी त्यांना स्वारगेटला सोडायला गेले. गाडीला अवकाश होता. मंदा पोरांसाठी केळी घ्यायला गेली. आम्ही दोघी बाकावर बसलो. मी आक्कांना म्हणाले, की गुरुजी मोठ्या मनाचे, नाहीतर आज आपली धडगत नव्हती.

आक्कांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

"गुरुजी खोटं बोलले असं वाटलं व्हय तुमास्नी?"

मग त्यांनी सांगितलं. त्या आठ-नऊ वर्षांच्या असताना माहेरच्या बाजूला लागोपाठ दोन वर्षं पाऊस झाला नाही. पाखडायला घरात दाणा नाही, तर सूप कोण घेणार? वडील बांबू आणायला म्हणून घाटाखाली गेले ते चार महिने आलेच नाहीत. आई रोज सकाळी रिकामी करंडी घेऊन गावात जायची. कुणी अर्धी भाकरी घालायचं, कुणी चतकोर. पाटलाच्या घरची ज्वारीची, मुलाण्याची बाजरीची, वाण्याच्या घरून कधी चपातीचा तुकडा, बामणाच्या घरून पोळीचा. जे मिळेल ते एकाच करंडीत. दोन दोन दिवसांचे ते तुकडे इतके वाळलेले असायचे की दातांनी तुटत नसत. आई ते उखळात कुटायची, त्यात मीठ-मिरची आणि बांधावरची पाथरीची रानभाजी घालायची, पाण्याच्या हातानं उंडे वळायची. भांडी विकून टाकली होती, एक पातेलं उरलं होतं. मग त्याच करंडीत ते वाफवायचे. त्या दोन वर्षांत त्यांच्यासारख्या बऱ्याच घरांनी ते खाल्लं होतं. गुरुजींनीही खाल्लं असणार. पहिल्याच घासाला त्यांना कळलं.

"त्याला नाव न्हवतं," आक्का म्हणाल्या. "पोरांनी कधी इचारलं न्हाई, आमी सांगितलं न्हाई. तुमी म्हणालात जागा मोकळी ऱ्हाईल, तवा म्हटलं चव तर हाय आपल्यापाशी. कोरं पीठ घालू, हिरवी मेथी घालू, मग कुणाला काय कळतंय."

मी वही काढली नाही. काढावीशी वाटलीही नाही. थोड्या वेळानं आक्काच म्हणाल्या, "त्यो तुमचा तक्ता बघितला आज भितीवर. सगळी घरं येगयेगळी मांडल्यात. आमच्या आईच्या करंडीत ती समदी एकात व्हती." आणि त्यांना त्याचं हसू आलं.

मंदा केळी घेऊन येताना दिसली. आक्कांनी माझा हात दाबला. "ह्ये नगा लिवू. मंदालाबी ठावं न्हाई."

मी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सर तक्त्याच्या अंतिम नोंदी करत बसले होते. समाज, पदार्थ, साधन, प्रसंग असे रकाने भरून झाले. शेवटचा रकाना उगमाचा होता. सरांनी पेन रोखून माझ्याकडे पाहिलं.

"उगम मला माहीत आहे, सर," मी म्हणाले. "पण सांगता येणार नाही."

"म्हणजे?"

"ज्यांचा आहे त्यांनी लिहू नका म्हटलंय."

सरांनी पेन खाली ठेवलं. संशोधकाला गुपित परवडत नाही, हे त्यांनी मला निरनिराळ्या शब्दांत अर्धा तास समजावलं. निवड समितीची बैठक मंगळवारी आहे, हेही त्यात एकदा येऊन गेलं. मी मान खाली घालून बसून राहिले. मी धीट मुळीच नव्हते. पदार्थ खोटा आहे असं वाटत होतं तोवर मी तो आनंदानं लिहिला होता. खरा आहे हे कळल्यावर मात्र माझ्यानं एक अक्षर बोलवेना. शेवटी सरांनी पेन उचललं आणि स्वतःच्या हातानं रकान्यात लिहिलं, 'अतिप्राचीन.'

जागा केळुसकरांना मिळाली. मी पुढल्या जूनमध्ये सांगलीच्या एका कॉलेजात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. एकतीस वर्षांत विद्यार्थ्यांना घेऊन मी पुष्कळ गावं फिरले, पुष्कळ घरी जेवले. तुमच्या समाजाचा खास पदार्थ कोणता, असं मात्र पुन्हा कुणाला विचारलं नाही. काल काय जेवलात, एवढंच विचारायचे. लोक भडाभडा बोलायचे.

आक्का दोन हजार चार साली गेल्या. मंदाची आणि माझी अधूनमधून गाठ पडत राहिली. मागच्या दिवाळीत तिच्याकडे गेले होते. ती आता आक्कांपेक्षा मोठी दिसते. गल्लीत बांबूचं काम दोनच घरांत उरलंय. बोलता बोलता करंडउंड्याचा विषय निघाला. आता समाजाच्या मेळाव्यात तो करतात म्हणे आणि करंडीला सात पदर लागतात असं तरुण मुलं ठासून सांगतात. मी खूप हसले. मग मला राहवेना. मी मंदाला म्हणाले, की त्याबद्दल आक्कांनी मला एक गोष्ट सांगितली होती, आणि तुलाही ती माहीत नाही.

मंदानं शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "कुटलेल्या भाकरीची? ठावं हाय की. आत्तींनी त्याच दिशी गाडीत सांगितली. कुणाला सांगू नगं म्हणाल्या, म्हणून आजपातूर बोलले न्हाई."

एकच गुपित आम्ही दोघींनी अडतीस वर्षं एकमेकींपासून जपलं होतं.

"तुझ्या मुलांना माहीत आहे?"

"न्हाई. लाज वाटंल त्यास्नी, असं म्हणायच्या आत्ती." मंदा म्हणाली. "पर लाज वाटायलाबी आदी ठावं पायजे न्हवं."

तिनं आतल्या खोलीकडे तोंड करून नातीला हाक मारली. पोरगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नाव ऋतुजा. ती हातात मोबाइल घेऊन दाराशी आली. मंदानं तिला माझ्यासमोर बसवलं.

"ह्या बाई तुझ्या पणजीचं सांगत्यात त्ये ऐक," ती म्हणाली. "मला नीट सांगाय येत न्हाई, मी रडते."

ऋतुजानं मोबाइल पालथा ठेवला. ज्या वर्षी आटपाडीकडे पाऊस पडला नाही, तिथून मी सुरुवात केली.